वाचकांचे प्रश्न : चाळीतला कांदा, सातपूरचं मशीन आणि एक्सेलची शीट

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे. शीट तयार आहे, आकडे भरलेत, फॉर्म्युले चालतात, पण निर्णय काही होत नाही. म्हणून कांद्याच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. तिथे सांगितलेली मांडणी पुढच्या उत्तरांत पुन्हा दिलेली नाही. उदाहरणांतले भाव आणि खर्च हिशेब दाखवण्यापुरते आहेत. तिथे आपापले आकडे घालावेत.

प्रश्न : एप्रिलमध्ये निघालेला २०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे. आज विकावा की चाळीत ठेवावा, हे ठरवायला मुलाने एक्सेलमध्ये शीट केली. पण भाव बदलला की दहा ठिकाणी आकडे बदलावे लागतात आणि दर वेळी उत्तर वेगळंच येतं. शीट कशी मांडावी?
— वाचक, पिंपळगाव बसवंत

तुमच्या शीटचा घोळ फॉर्म्युल्यात नाही, प्रश्नात आहे. 'ऑगस्टमध्ये भाव किती असेल' असं तुम्ही शीटला विचारताय. ते शीटला ठाऊक नाही, लासलगावच्या व्यापाऱ्यालाही नाही. प्रश्न उलटा करा : ठेवलेला कांदा किती भावाने गेला, तर आज विकून येतात तेवढेच पैसे हातात पडतील? याचं उत्तर काढायला पुढच्या भावाचा अंदाज लागतच नाही. लागते ती घट, खर्च आणि व्याज. हे तिन्ही तुम्हाला मोजता येतं.

फाइलमध्ये तीन शीट करा. पहिलीचं नाव 'गृहीतं'. तिथे चार रकाने : बाबीचं नाव, आकडा, एकक आणि 'हा आकडा कुठून आला'. चौथा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच फसतात. 'आजची लिलावाची पट्टी', 'मागच्या साली मोजलेलं', 'निव्वळ अंदाज' असं प्रामाणिकपणे लिहा. आकड्याच्या सेलला पिवळा रंग द्या. पूर्ण फाइलमध्ये हाताने टाइप केलेला आकडा फक्त पिवळ्या सेलमध्येच असेल, हा नियम मोडू नका. दुसऱ्या शीटवर महिन्यागणिक हिशेब आणि तिसऱ्यावर फक्त निकाल.

आता आकडे घेऊ. आजचा भाव क्विंटलला १,२०० रुपये. गाडीभाडं आणि हमाली ६० रुपये, म्हणजे आज विकून हातात १,१४० गुणिले २००, अर्थात २,२८,००० रुपये. चाळीत भरायची मजुरी क्विंटलला ५० रुपये. ती पूर्ण २०० क्विंटलवर लागते, म्हणून १०,०००. काढताना निवडाई आणि प्रतवारी ३० रुपये, पण ही उरलेल्या मालावरच. व्याज महिन्याला १ टक्का, म्हणजे २,२८० रुपये. कर्ज नसलं तरी व्याज धरायचं, कारण ते पैसे आज हातात आले असते तर कुठेतरी कामाला लागले असते. उसनवारी फेडायची असेल तर तिचा खरा दर घाला.

घट दर महिन्याला सारखी नसते. सुरुवातीला वजन सुकतं, पुढे सड आणि मोड वाढतात. समजा ती चार महिन्यांना ४, ६, ९ आणि १२ टक्के आहे. इथे बहुतेकांच्या शीटमध्ये पहिली मोठी चूक होते. टक्क्यांची बेरीज केली जाते : ३१ टक्के गेले, १३८ क्विंटल उरले. पण दुसऱ्या महिन्याची घट पहिल्या महिन्याअखेर उरलेल्या मालावर लागते, मूळ मालावर नाही. फॉर्म्युला असा : मागचा उरलेला माल गुणिले (१ वजा या महिन्याची घट). अशाने १९२, १८०.५, १६४.२ आणि शेवटी १४४.५ क्विंटल उरतात. साडेसहा क्विंटलचा फरक नुसत्या मांडणीने पडला.

शेवटचा रकाना 'समतोल भाव'. आज हातात आले असते ते २,२८,०००, भराईचे १०,००० आणि त्या महिन्यापर्यंतचं व्याज, या तिन्हींची बेरीज भागिले उरलेला माल, अधिक ९० रुपये (गाडीभाडं, हमाली आणि निवडाई). उत्तरं अशी येतात :

एक महिन्याने १,३४१ रुपये
दोन महिन्यांनी १,४३४ रुपये
तीन महिन्यांनी १,५८१ रुपये
चार महिन्यांनी १,८०० रुपये

या चार आकड्यांकडे नीट पाहा. दुसऱ्या महिन्यात थांबायला भाव ९३ रुपयांनी चढावा लागतो, तिसऱ्यात १४७ आणि चौथ्यात २१९ रुपयांनी. 'भाव चढतोय, अजून थोडं थांबू' असं वाटतं तेव्हा तो महिन्याला किती चढतोय हे या रकान्याशी ताडून पाहायचं. चढतोय, पण तिसऱ्या महिन्यानंतर २१९ ने चढत नाही, तर थांबून तुम्ही पैसे घालवताय.

आता यातला कोणता आकडा चुकला तर निर्णय फिरेल? चार महिन्यांची एकूण घट आपल्या हिशेबात २७.७ टक्के आली. ती २० टक्केच असेल तर समतोल भाव १,६३५ वर येतो, ४० टक्के असेल तर २,१४९ वर जातो. म्हणजे घटीच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण २५ रुपये. उलट व्याज १ ऐवजी दीड टक्का धरलं तर जेमतेम ३२ रुपये वाढतात. घरात व्याजावरून वाद घालण्यापेक्षा घट मोजा. चाळ भरताना जाळीच्या चार-पाच गोण्या तोलून तळाला, मधे आणि वाऱ्याच्या बाजूला ठेवा. दर पंधरा दिवसांनी सडका, मोड आलेला कांदा काढून त्या पुन्हा तोला. पुढच्या साली तुमच्या शीटच्या चौथ्या रकान्यात 'अंदाज' हा शब्द उरणार नाही.

ही पडताळणी एक्सेलमध्ये 'डेटा टेबल'ने (एक आकडा बदलत नेऊन उत्तरांची यादी देणारी सोय) होते : डेटा, व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस, डेटा टेबल. 'एकूण घट' असा एक पिवळा सेल करून चौथ्या महिन्याचा समतोल भाव त्यावरून काढा. मग एका रकान्यात २०, २५, ३०, ३५, ४० टक्के लिहा आणि त्याच्या उजव्या रकान्यात, एक ओळ वर, समतोल भावाच्या सेलचा दुवा द्या. पूर्ण पट्टा निवडून 'कॉलम इनपुट सेल'मध्ये घटीचा सेल दाखवा. एक अडसर लक्षात ठेवा : तो इनपुट सेल टेबल असलेल्या शीटवरच असावा लागतो, नाहीतर एक्सेल तो अवैध म्हणून नाकारतं. म्हणून डेटा टेबल 'गृहीतं' शीटच्या तळाशीच मांडा.

फॉर्म्युला खाली ओढताना उत्तर बिघडत असेल तर डॉलरचं चिन्ह राहिलंय. भावाचा सेल बी४ असेल तर फॉर्म्युल्यात त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबा, तो जागेवर पक्का होतो. नाहीतर ओढताना बी४ चा बी५, बी६ होतो आणि भावाच्या जागी हमाली गुणली जाते.

चाळ बांधायला गेलेला खर्च या हिशेबात घेऊ नका. कांदा ठेवा की विका, तो गेलेलाच आहे. चाळ भाड्याने घेणार असाल तर मात्र भाडं धरायचं. आणि अर्धा आज, अर्धा नंतर असा विचार असेल तर तो गणिताने जास्त पैसे देत नाही, पण भाव कोसळला तर फटका अर्धाच बसतो. घरात लग्न किंवा बँकेचा हप्ता असेल तर माझा कल त्या बाजूला राहील.

प्रश्न : सीएनसी (संगणकाने चालणारं) टर्निंग आणि ग्राइंडिंग अशी दोन मशीन आहेत. फ्लँज आणि शाफ्ट असे दोन जॉब करतो. शाफ्टला नगामागे जास्त पैसे सुटतात म्हणून आधी शाफ्ट काढतो, तरी महिनाअखेर सीएनसी रिकामं राहतं. सॉल्व्हरने हे सुटेल का?
— वाचक, सातपूर

सुटेल. सॉल्व्हर म्हणजे अटी पाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारी एक्सेलमधली सोय, आणि ती शिकायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. समजा फ्लँजला सीएनसीवर ६ मिनिटं आणि ग्राइंडिंगवर २ मिनिटं लागतात, शाफ्टला ४ आणि ४. महिन्याला सीएनसीचे ४०० तास, म्हणजे २४,००० मिनिटं. ग्राइंडिंगचे २०० तास, म्हणजे १२,००० मिनिटं. कच्चा माल, टूल, वीज असा नगागणिक होणारा खर्च वजा जाता फ्लँजला २४ आणि शाफ्टला ३० रुपये सुटतात. पगार आणि जागेचं भाडं यात घालू नका. नग कमी-जास्त झाले म्हणून ते बदलत नाहीत.

सगळे शाफ्ट काढले तर ग्राइंडिंग ३,००० नगांवर संपतं आणि सुटतात ९०,००० रुपये. सीएनसी अर्धं रिकामं. हेच तुमच्याकडे होतंय. सगळे फ्लँज काढले तर ४,००० नग आणि ९६,००० रुपये.

सॉल्व्हर आधी चालू करावा लागतो : फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली 'गो', मग सॉल्व्हरवर खूण. तो डेटा टॅबच्या उजव्या टोकाला येतो. शीटमध्ये नगांचे दोन सेल रिकामे ठेवा. एकूण सुटणारे पैसे आणि दोन्ही मशीनची वापरलेली मिनिटं 'समप्रॉडक्ट'ने (दोन पट्ट्यांतल्या आकड्यांच्या गुणाकारांची बेरीज करणारं फंक्शन) काढा. सॉल्व्हरमध्ये ध्येय म्हणजे एकूण पैशांचा सेल, 'मॅक्स'. बदलायचे सेल म्हणजे नगांचे दोन. अटी दोन : वापरलेली मिनिटं उपलब्ध मिनिटांपेक्षा जास्त नकोत. ऋण आकडे नकोत ही खूण तशीच राहू द्या आणि पद्धत 'सिम्प्लेक्स एलपी' निवडा. ही पद्धत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली मांडली. उत्तर येतं ३,००० फ्लँज आणि १,५०० शाफ्ट, १,१७,००० रुपये.

पण इथे थांबू नका. खरी कमाई पुढच्या कागदात आहे. उत्तर आल्यावर 'सेन्सिटिव्हिटी' अहवाल मागा. त्यातल्या 'शॅडो प्राइस' रकान्यात सीएनसीच्या एका मिनिटाला २.२५ आणि ग्राइंडिंगच्या एका मिनिटाला ५.२५ रुपये दिसतील. म्हणजे ग्राइंडिंगचा एक तास जास्तीचा मिळाला तर ३१५ रुपये वाढतात, सीएनसीचा मिळाला तर १३५. ग्राइंडरवरच्या कामगाराला ओव्हरटाइम द्यावा का, याचं उत्तर हे : तासाचा सगळा जादा खर्च ३१५ च्या आत बसत असेल तर द्यावा. हा दर कुठवर टिकतो तेही तिथेच लिहिलेलं असतं. सीएनसी आहे तेवढंच ठेवलं तर ग्राइंडिंगची मिनिटं ८,००० ते २४,००० च्या दरम्यान असेपर्यंत तो लागू आहे.

ग्राहकाने '२,००० शाफ्ट पाहिजेतच' असं म्हटलं तर तिसरी अट घाला. उत्तर २,००० फ्लँज, २,००० शाफ्ट आणि १,०८,००० वर येतं. म्हणजे वरचे ५०० शाफ्ट तुम्हाला ९,००० रुपयांना पडतात, नगाला १८ रुपये. भाव ठरवायला बसाल तेव्हा हा आकडा खिशात असू द्या.

काय बिघडतं? फॉर्म्युल्यात 'इफ', 'मॅक्स' किंवा 'राउंड' घातलं की हिशेब सरळ रेषेत राहत नाही, आणि सॉल्व्हर तशी तक्रार करतो. नग पूर्णांकच हवेत अशी अट घातली की सेन्सिटिव्हिटी अहवाल मिळत नाही. हजारांत नग असताना ती अट नकोच. जॉब बदलताना सेटिंगला जाणारा वेळ वर धरलेला नाही. तो तासाभराचा असेल तर आधी उपलब्ध मिनिटांतून वजा करा.

प्रश्न : रविवारी मिसळीला गर्दी असते. मटकी शुक्रवारीच भिजवावी लागते. कधी अकरालाच संपतं, कधी उरतं. सरासरी २२० प्लेट जातात म्हणून २२० चीच तयारी करतो. बरोबर आहे का?
— वाचक, गंगापूर रोड, नाशिक

सरासरीइतकी तयारी तेव्हाच बरोबर, जेव्हा कमी पडण्याचा आणि उरण्याचा तोटा सारखा असतो. तुमचा तो सारखा नसावा. एका प्लेटमागे ४५ रुपये सुटतात आणि उरलेल्या प्लेटमागे २५ रुपये वाया जातात असं धरू. मग ४५ भागिले (४५ अधिक २५), म्हणजे ०.६४३. अर्थ असा, की १०० रविवारांपैकी साधारण ६४ रविवारी मागणी पुरी पडेल एवढी तयारी हवी. गेल्या तीस रविवारांचे आकडे एका रकान्यात ठेवून 'परसेंटाइल' फंक्शनला ०.६४३ दिलंत की उत्तर मिळतं. मागणी सरासरी २२० आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप) ४० असेल तर ते २३५ च्या आसपास येतं.

पण तुमच्याकडचे आकडे विक्रीचे आहेत, मागणीचे नाहीत. अकराला संपलं त्या रविवारी २२० विकले गेले, पण मागणारे किती होते ते कुठे लिहिलेलं नाही. असे दिवस सरासरीत तसेच घेतले की मागणी कमी दिसते, मग तयारी कमी होते, मग पुन्हा लवकर संपतं. वहीत संपल्याची वेळ लिहायला लागा. कधीच न संपलेल्या रविवारी अकरापर्यंत किती टक्के विक्री होते ते काढा आणि त्यावरून संपलेल्या दिवसांची मागणी वाढवून घ्या.

आता थोडं सिम्युलेशन, म्हणजे शीटमध्ये हजार खोटे रविवार चालवून पाहणं. पहिल्या रकान्यात हजार ओळींत मागणी तयार करा : 'नॉर्म डॉट इन्व्ह' फंक्शनमध्ये 'रँड' (शून्य ते एकमधला कोणताही आकडा देणारं फंक्शन), २२० आणि ४०. दुसऱ्यात विक्री, म्हणजे मागणी आणि तयारी यांतलं जे कमी ते. तिसऱ्यात विक्री गुणिले ४५, वजा उरलेल्या प्लेट गुणिले २५. तयारी २२० ठेवलीत तर सरासरी विक्री २२० येत नाही, २०४ च्या आसपास येते. कारण जास्तीच्या दिवशी तुम्ही २२० वर अडकता, पण कमीच्या दिवशी खाली घसरता. कागदावर ९,९०० रुपये दिसणारा रविवार सरासरीने ८,७८३ चा असतो. एखादा आकडा रोज हलत असेल तर त्याच्या सरासरीवरून काढलेला नफा हा सरासरी नफा नसतो, हे या शीटवर डोळ्यांनी दिसतं.

२३५ ची तयारी केली तर सरासरी ८,८५५ च्या आसपास येतात. फक्त ७२ रुपये जास्त. शिखराजवळ हा चढ इतका सपाट असतो की २३० की २४० यावर डोकं शिणवू नये. दुसरं म्हणजे एफ९ दाबून 'रँड'चे आकडे नव्याने काढले की हजार ओळींची सरासरी साधारण ५० रुपये इकडेतिकडे होते. दोन तयारींसाठी दोन वेगळे 'रँड' रकाने वापरले तर ७२ रुपयांचा फरक त्या गोंधळात बुडतो. मागणीचा रकाना एकच ठेवा आणि त्याच दिवसांवर दोन्ही तयारी चालवून पाहा. फरक लगेच स्थिर होतो.

प्रश्न : १० लाखांचं मशीन, पाच वर्षं दर साल ३ लाखांची बचत, १२ टक्के दर. माझ्या शीटमध्ये निव्वळ वर्तमान मूल्य ७२,७०८ येतं, सल्लागारांच्या शीटमध्ये ८१,४३३. कोण चूक?
— वाचक, अंबड

तुमची शीट. निव्वळ वर्तमान मूल्य म्हणजे पुढच्या बचतीची आजची किंमत, वजा आजची गुंतवणूक. ते काढणारं एक्सेलचं 'एनपीव्ही' फंक्शन दिलेल्या पट्ट्यातला पहिला आकडाही एक वर्षानंतरचा धरतं. तुम्ही आजचे उणे १० लाख त्याच पट्ट्यात घातलेत, त्यामुळे सगळं उत्तर आणखी एका वर्षाने मागे आलं : ८१,४३३ भागिले १.१२ म्हणजे ७२,७०८. पहिल्या वर्षापासूनचे पाच आकडे फंक्शनला द्या आणि आजची गुंतवणूक बाहेर वेगळी मिळवा. या चुकीने चिन्ह बदलत नाही म्हणून निर्णय वाचला, पण दोन मशीनची तुलना करताना एकाचा हिशेब बरोबर आणि दुसऱ्याचा असा चुकीचा असेल तर क्रम उलटू शकतो. 'आयआरआर'ला (ज्या दराने निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होतं तो दर काढणारं फंक्शन) मात्र पूर्ण पट्टा आजच्या आकड्यासकटच द्यायचा. ते १५.२४ टक्के येईल. तारखा अनियमित असतील तर 'एक्सएनपीव्ही' वापरा. ते पहिल्या तारखेला 'आज' धरतं.

बारा टक्क्यांचा मासिक दर बँकेच्या हप्त्यात सरळ १ टक्का असतो. पण वर्षाला खरोखर १२ टक्केच पडावेत असा मासिक दर ०.९४९ टक्के आहे. एकाच फाइलमध्ये दोन्ही मिसळू नका.

प्रश्न : गोल सीक मधेच थांबतं आणि जवळपासचं उत्तर देतं. का?
— वाचक, सिन्नर

गोल सीक म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत एक आकडा बदलून पाहणारी एक्सेलची सोय. तुम्ही तिला टक्केवारीचं लक्ष्य दिलं असणार. फरक ०.००१ च्या आत आला की गोल सीक थांबतं, आणि टक्केवारीत ०.००१ म्हणजे दहावा हिस्सा टक्का. ध्येयाचा सेल दहा लाखांनी गुणून एक मदतीचा सेल करा आणि त्यावर गोल सीक लावा, किंवा पर्यायांत जाऊन 'मॅक्झिमम चेंज' कमी करा. बदलायच्या सेलमध्ये टाइप केलेला आकडाच हवा, फॉर्म्युला नको.

प्रश्न : सात महिन्यांच्या भावावर ट्रेंडलाइन टाकली. सहाव्या घाताची रेषा सगळ्या बिंदूंतून अचूक जाते. तिच्यावरून पुढचा महिना काढू का?
— वाचक, येवला

नका काढू. सात बिंदूंतून सहाव्या घाताची रेषा जाणारच, ते आकडे काहीही असोत. तिथे आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंशी किती जुळते याचं माप) १ आला यातून भावाबद्दल काहीच कळत नाही. शेवटच्या बिंदूपुढे अशी रेषा आकाशात तरी जाते किंवा शून्याखाली तरी. सहा महिन्यांवर बेतून सातवा काढून पाहा, म्हणजे ती किती चुकते ते दिसेल. आवक, पाऊस आणि निर्यातीचे निर्णय या रेषेला माहीत नाहीत. भावासाठी कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज घ्या आणि वर पिंपळगावच्या वाचकांना सांगितलेला समतोल भाव त्यांच्याशी ताडा.

प्रश्न : मोठी शीट झाली आहे, भागीदारांना द्यायची आहे. चुका कशा शोधाव्यात?
— वाचक, नाशिकरोड

चुका होतात त्या अवघड गणितात नाही, अगदी साध्या जागी. कारमेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० सालच्या कर्जावरच्या अभ्यासात सरासरीचा पट्टा पाच ओळी आधीच संपला होता आणि वीसपैकी पाच देश हिशेबातून गळले. ही चूक २०१३ साली थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला मूळ शीट हाती आल्यावर सापडली. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले, कारण एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे माहिती मावत नाही. आजच्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात, पण जुन्या प्रकारात फाइल साठवली तर मर्यादा जुनीच राहते.

तुमच्या शीटवर पुढचं एवढं करा. कंट्रोल आणि टिल्डची कळ (१ च्या डावीकडची, शिफ्ट न धरता) दाबून सगळे फॉर्म्युले उघडे पाडा आणि ओळीने वाचत जा. शेजाऱ्यांपेक्षा वेगळा दिसणारा फॉर्म्युला आणि मधेच टाइप केलेला आकडा लगेच डोळ्यात भरतो. प्रत्येक बेरजेचा पट्टा शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो का ते पाहा. शेवटची ओळ नंतर घातलेली असेल तर ती हमखास बाहेर राहते. बेरजेच्या आधी एक रिकामी ओळ पट्ट्यातच ठेवली तर हा त्रास टळतो. सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेले आकडे बहुधा मजकूर असतात आणि 'सम' त्यांना गुपचूप वगळतं. तारखांत ३ एप्रिलचा ४ मार्च झाला नाही ना, हेही बघा.

मग शीटला छळा. भाव शून्य घाला : विक्री शून्य यायलाच हवी. नग दुप्पट करा : कच्च्या मालाचा खर्च दुप्पट झाला पाहिजे, भाडं नाही. घट १०० टक्के करा आणि भागाकारात शून्य येऊन फाइल कुठे कोसळते ते पाहा. एककांची गफलत सगळ्यात महागात पडते. बाजार समितीचा भाव क्विंटलला, किरकोळ भाव किलोला आणि कंटेनरचा हिशेब टनात. म्हणून 'गृहीतं' शीटवर एककाचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. आणि 'इफएरर' (चूक आली की तिच्या जागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन) लावून चुका झाकू नका. चुकीची खूण दिसली तर निदान कुणीतरी विचारेल.

प्रश्न : वाणिज्य शाखेत आहे. एक्सेलची सगळी फंक्शन्स पाठ करतेय. मॉडेलिंग शिकायला क्रम कसा ठेवू?
— वाचक, देवळाली कॅम्प

पाठांतर थांबव. सम, इफ, मिन, मॅक्स, समप्रॉडक्ट, इंडेक्स-मॅच, एनपीव्ही, रँड आणि परसेंटाइल एवढ्यावर या पानावरचे जवळजवळ सगळे हिशेब होतात. १९७९ साली व्हिसिकॅल्क हा वैयक्तिक संगणकावरचा पहिला स्प्रेडशीट प्रोग्रॅम आला. तो करणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना कल्पना सुचली ती वर्गात : फळ्यावर एक आकडा बदलला की पुढचे सगळे हाताने पुसून पुन्हा लिहावे लागायचे. 'हा आकडा बदलला तर?' या एका प्रश्नासाठी स्प्रेडशीट जन्मली, तिथूनच सुरुवात कर.

पहिला सराव साठ्याचा घे. वर्षाला १२,००० खोकी लागतात, प्रत्येक ऑर्डरचा खर्च ६०० रुपये, एक खोकं वर्षभर ठेवायला १० रुपये. एका वेळी ४०० पासून २,००० पर्यंत किती मागवायची, याची शंभराशंभराने ओळ कर. ऑर्डरचा खर्च म्हणजे १२,००० भागिले एका ऑर्डरची खोकी, गुणिले ६००. साठवणीचा खर्च म्हणजे एका ऑर्डरच्या निम्मी खोकी गुणिले १०. दोन्हींची बेरीज करून आलेख काढ. सगळ्यात कमी खर्च १,२०० वर येतो, १२,००० रुपये. मगच फोर्ड हॅरिस यांचं १९१३ सालचं वर्गमुळाचं सूत्र (२ गुणिले वर्षाची खोकी गुणिले एका ऑर्डरचा खर्च, भागिले एका खोक्याचा साठवणीचा खर्च, याचं वर्गमूळ) लावून उत्तर जुळतं का बघ. १,५०० मागवली तर १२,३०० लागतात, ८०० ला १३,०००. तळ सपाट का आहे, हे स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिही. ते जमलं की डेटा टेबल, मग सॉल्व्हर आणि शेवटी सिम्युलेशन. प्रत्येक टप्प्यावर घरच्या किंवा शेजारच्या दुकानाचा खरा हिशेब घे, पुस्तकातला नको.

प्रश्न : एक्सेल विकत न घेता हे सगळं करता येईल?
— वाचक, ओझर

बहुतेक सगळं. लिब्रेऑफिस कॅल्क मोफत आहे. त्यात गोल सीक आणि सॉल्व्हर 'टूल्स' मेनूत आहेत, आणि डेटा टेबलचं काम 'डेटा' मेनूतलं 'मल्टिपल ऑपरेशन्स' करतं. गूगल शीट्समध्ये सॉल्व्हर आणि डेटा टेबल मुळात नाहीत, गोल सीक वेगळं जोडून घ्यावं लागतं. कांद्याची आणि मिसळीची शीट मात्र तिथेही जशीच्या तशी चालेल. फरक एवढाच, की घट बदलून पाहायची तर प्रत्येक टक्क्यासाठी समतोल भावाचा फॉर्म्युला वेगळ्या ओळीत लिहावा लागेल.